कंद कोणाकडे आहेत? मुंबईतल्या एका डेलिया मंडळाचं एक वर्ष

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या एका छोट्या डेलिया मंडळाचं आहे. मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत पसरलेले चाळीसेक सभासद, त्यातले निम्मेअधिक निवृत्त, आणि बहुतेकांची बाग म्हणजे खिडकीची जाळी, गॅलरी किंवा सोसायटीच्या गच्चीचा एखादा कोपरा. माणसांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम मंडळाच्या इतिवृत्तावरून आणि सभासदांशी झालेल्या बोलण्यांवरून मांडला आहे. मी स्वतः कुंड्यांतच डेलिया लावतो, त्यामुळे या मंडळावर त्या वर्षी काय ओढवलं हे मला तटस्थपणे सांगता येईलच असं नाही.

पार्श्वभूमी

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. 1789 मध्ये त्याचं बी माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचलं. 1791 मध्ये स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ कॅव्हानिलेस यांनी अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं नामकरण केलं. 1963 पासून ते मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. मुंबईत डेलिया लावणाऱ्याने मात्र इतिहासापेक्षा नकाशा पाहावा. मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 19 अंश उत्तरेला. दिवस किती मोठा, रात्र किती मोठी, हे दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. फरक आहे तो उंचीचा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे आणि तिथल्या रात्री थंड असतात. तिथे डेलिया उन्हाळी पावसात वाढतो, पाऊस सरताना फुलतो आणि कोरड्या हिवाळ्यात त्याचे कंद जमिनीत पडून राहतात.

मुंबईत हे चक्र उलटं फिरवावं लागतं. झाड वाढवायचं ते ऑक्टोबर ते मार्च, कारण रात्री जरा गार होतात त्या तेवढ्याच महिन्यांत. कंद झोपवायचे ते एप्रिल ते ऑगस्ट. म्हणजे आधी घामाचा उन्हाळा आणि मग सांताक्रूझला सरासरी सुमारे 2,300 मिलीमीटर कोसळणारा पावसाळा. ज्या काळात या झाडाच्या मूळ गावी ते जोमाने वाढत असतं, त्याच काळात आपण त्याला कोरडं आणि झोपलेलं ठेवू पाहतो. दुसरी अडचण उजेडाची. मुंबईत जूनमधला दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला अकरा तासांचा. दिवस बारा तासांच्या खाली गेला की डेलिया पानं आणि फांद्यांवरचं लक्ष काढून खाली कंद भरायला लागतो. म्हणून कटिंग, म्हणजे रुजवायला कापलेला कोंब, उशिरा लावलं, तर झाड वीतभरच राहतं आणि फूलही बेताचं येतं. मोठ्या फुलांच्या जातींना लावणीपासून फुलापर्यंत साधारण तीन महिने लागतात. हे दोन्ही हिशेब जुळवले तर लावणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकायला हवी.

मंडळाची पद्धत या हिशेबावरच बसलेली होती. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक सभासदाने आपल्या चांगल्या झाडांचे काही कंद मंडळाकडे द्यायचे. ऑगस्टच्या शेवटी ते कंद ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) मांडून जागे करायचे, कोंब बोटभर झाले की कटिंग काढायची, रुजवायची आणि दसऱ्याच्या आसपास सगळ्यांना वाटायची. कटिंगमागे 20 रुपये घेतले जात आणि खजिनदार मावशी प्रत्येकाला पावती देत. पावतीवर नाव, तारीख आणि रंग. जातीचं नाव ठाऊक असेल तर तेही, पण बहुतेक जातींची नावं कोणालाच माहीत नव्हती. ‘मोठा पिवळा’, ‘पांढऱ्या टोकांचा जांभळा’, ‘आजींचा केशरी’ अशीच त्यांची ओळख. या पावत्यांकडे तेव्हा कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. पुढच्या घटनांत त्यांचं महत्त्व सगळ्यात जास्त ठरलं, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

मंडळाचं वर्षाचं मोठं काम म्हणजे 26 जानेवारीनंतरच्या रविवारी एका शाळेच्या सभागृहात भरणारं प्रदर्शन. कोणी राणीच्या बागेतलं पालिकेचं प्रदर्शन पाहायला जातं, कोणी त्या सुमारास पुण्याला एम्प्रेस गार्डनची वारी करतं, पण स्वतःची कुंडी मांडायची ती इथेच.

पहिला निर्णय: कंद कुठे ठेवायचे

त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या बैठकीत चार पर्याय मांडले गेले.

पहिला म्हणजे कंद कुंडीतच राहू द्यायचे, पाणी तोडायचं आणि कुंडी आडवी करून वळचणीला सरकवायची. गॅलरीवाल्या बऱ्याच सभासदांचा हाच शिरस्ता होता. यात कंदाला हात लागत नाही, जखम होत नाही. पण चाळीस घरांतल्या कुंड्यांमध्ये काय जिवंत आहे आणि काय नाही, हे ऑगस्टपर्यंत कळत नाही.

दुसरा म्हणजे सगळ्यांचे कंद काढून एका जागी वाळूत ठेवायचे. एका सभासदाच्या सोसायटीने गच्चीवरची, पाण्याच्या टाकीखालची शेड फुकट देऊ केली होती. मुंबईत फुकट मिळालेल्या आडोशाचं आकर्षण किती असतं हे सांगायला नको.

तिसरा फ्रिजचा. कंदांना 4 ते 10 अंश तापमान मानवतं, आणि भाजीच्या कप्प्यात भोकं पाडलेल्या पिशवीत, कोरड्या कोकोपीटमध्ये ते राहू शकतात. पण घरच्या फ्रिजमध्ये किती मावणार, आणि कोरड्या गारव्यात कंद सुरकुततात ही भीती होतीच.

चौथा पर्याय एका काकांनी सुचवला. त्यांचं गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, वडूजजवळ. पर्जन्यछायेतला, पावसाची वाट पाहणारा तो मुलूख. काकांचं म्हणणं होतं, थोडे कंद गावाकडे नेऊ, तिथे जुन्या घराच्या माळ्यावर पोती कोरडी राहतात तर कंदही राहतील. ठराव झाला नाही. “एस. टी.मधून कंद न्यायचे आणि परत आणायचे, एवढं कोण करणार?” या प्रश्नावर चर्चा संपली असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

दुसरा पर्याय एकमताने मान्य झाला. माझ्या मते सबंध वर्षातला सगळ्यात वजनदार निर्णय हाच होता, आणि त्यावर सगळ्यात कमी वेळ दिला गेला. शेड चांगली आहे का, याची चर्चा झाली. सगळे कंद एकाच छपराखाली असावेत का, हा प्रश्न कोणी काढलाच नाही.

अडचण: जुलै

मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस झाला आणि घाई उडाली. कुंड्यांतली माती ओली असतानाच बऱ्याच जणांनी कंद काढले, नळाखाली धुतले आणि एक-दोन दिवस सावलीत ठेवून शेडवर पोचवले. डेलियाचं खोड पोकळ असतं. कापल्यावर त्या नळीत पाणी साचतं आणि कूज तिथून खाली मानेत उतरते. जाणकार म्हणूनच काढलेले कंद काही दिवस उलटे, खोड खाली करून ठेवतात. पाणी निथळतं आणि सालही थोडी टणक होते. त्या घाईत हे राहून गेलं.

मान म्हणजे खोड आणि कंद यांच्यामधली जागा. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात, तसे डेलियाच्या कंदाला नसतात. डोळे फक्त मानेवर. खाली कंद कितीही टपोरा आणि धडधाकट असला, तरी मान गेली की त्यातून काही उगवत नाही. त्यामुळे डेलियात कूज थोडी की फार याला महत्त्व नाही, ती कुठे लागली याला आहे.

जुलैमध्ये सलग मोठा पाऊस लागला तेव्हा पाणी आत येऊ नये म्हणून शेडला ताडपत्री घट्ट आवळून बांधण्यात आली. पाणी आलं नाही. पण हवाही थांबली. वाळूत आधीच थोडी ओल होती, कंदांतही होती. ती बाहेर पडून ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरू लागली आणि पुन्हा पेट्यांवर ठिबकू लागली. पेट्या पंधरवड्यातून एकदा पाहायच्या असं ठरलं होतं. पावसात गच्चीवर कोणी चढलं नाही. दोन आठवड्यांच्या उघडिपीनंतर ताडपत्री सोडली तेव्हा जो वास आला, त्याचं वर्णन मी तिथे हजर असलेल्या तिघांकडून ऐकलं आहे आणि तिघांनीही ते सांगताना नाकाला हात लावला.

जेमतेम चौथा हिस्सा कंद वाचले. त्यांतही मान शाबूत असलेले आणखी कमी.

दुसरा निर्णय: तूट कशी भरायची

ऑगस्टच्या बैठकीत प्रश्न सरळ होता. ऑक्टोबरमध्ये वाटायला कटिंग कुठून आणायची?

वाचलेल्या कंदांवर भागवायचं म्हटलं तर प्रत्येकी दोन कटिंगही येत नव्हती. बियांपासून रोपं करता येतात. सप्टेंबरअखेर पेरलेलं बी जानेवारीत फुलतं, खर्चही नगण्य. पण बियाचा डेलिया आईबापासारखा निघत नाही. रंग आणि आकार नशिबावर, आणि बाजारात मिळणारं बी मुख्यतः बुटक्या, एकेरी किंवा अर्धदुहेरी फुलांचं. मोठ्या फुलांसाठी वर्षभर थांबलेल्या सभासदांना हे पटलं नाही. तिसरा मार्ग म्हणजे मुंबईबाहेरच्या एका रोपवाटिकेतून रुजवलेली कटिंग विकत आणायची. रोपवाटिका नावाजलेली होती, भावही परवडणारा होता.

विकत आणायचं ठरलं. त्या क्षणी मीही बहुधा तोच कौल दिला असता. बिनसलं ते पुढच्या पायरीवर. आलेली कटिंग थेट वाटप-शिबिराच्या टेबलावर गेली. वाचलेल्या कंदांची कटिंग आणि विकतची कटिंग एकाच ट्रेमध्ये, एकाच शेडनेटखाली, तीन आठवडे शेजारी-शेजारी राहिली. शेंडे खुडायला सगळ्यांनी एकच कात्री फिरवली. ‘नवीन आलेलं महिनाभर बाजूला ठेवू’ हे वाक्य कोणीतरी म्हटलं असणार, कारण मंडळात जुनी जाणती माणसं आहेत. इतिवृत्तात मात्र ते नाही. लावणीची वेळ टळत चालली होती, दिवस लहान होत होते. महिनाभर थांबणं म्हणजे हंगाम सोडण्यासारखं वाटलं असेल.

नोव्हेंबर: पानांवरच्या खुणा

दिवाळीनंतर विक्रोळीच्या एका ताईंनी पानांचे फोटो पाठवले. शिरांच्या कडेने पिवळट पट्टे, पान थोडं चुणलेलं, झाड शेजारच्या कुंडीपेक्षा निम्म्या उंचीचं. आठवड्याभरात असेच आणखी फोटो आले.

पानं पिवळी पडण्याची कारणं पुष्कळ. मॅग्नेशियम कमी पडलं तरी शिरांमधला भाग पिवळा होतो. लाल कोळी लागला तर पान ठिपक्याठिपक्यांनी फिकट होतं. पण शिरा धरून पिवळेपणा, वाढ खुंटणं आणि पानाचा चुणा हे तिन्ही एकत्र दिसलं की डेलिया मोझॅक या विषाणूचा संशय घ्यावा लागतो. तो मुख्यतः मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीतून पसरतो. लागण झालेल्या मातृझाडाची कटिंग आणि कंदही लागण घेऊनच येतात. औषध नाही. आणखी वाईट म्हणजे काही जाती विषाणू अंगात बाळगूनही वरून निरोगी दिसतात.

मंडळात वनस्पतिरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांनी घाई केली नाही. संशयित झाडांना एप्सम सॉल्टचं (मॅग्नेशियम सल्फेटचं) पाणी द्या आणि दोन आठवड्यांत येणारी नवी पालवी पाहा, एवढंच सांगितलं. जुनं पान सुधारत नाही, नवं पान खरं सांगतं. सोबत रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा, मावा दिसला तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात, आणि प्रत्येक संशयित कुंडीला लाल फीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे नमुना पाठवावा अशीही सूचना आली. पण निकाल येईपर्यंत मावा थांबणार नव्हता, म्हणून ते काम समांतर ठेवून निर्णय डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवर घ्यायचं ठरलं.

दोन आठवड्यांनी काही लाल फिती सुटल्या. तिथे नवी पालवी हिरवीगार होती. बाकीच्या राहिल्या, आणि त्यांत नवीनही भर पडली.

तिसरा निर्णय: उपटायचं की फुलू द्यायचं

डिसेंबरच्या पहिल्या रविवारची बैठक तीन तास चालली. मी इतिवृत्त वाचलं आहे आणि चार जणांकडून ती बैठक ऐकली आहे. चौघांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, यावरून तिथे किती ताण होता याचा अंदाज येतो.

एक बाजू म्हणत होती, सगळी लाल फितीची झाडं आजच काढा. दुसरी बाजू प्रदर्शनाची तयारी करणाऱ्यांची. त्यांच्याकडे विकतच्या कटिंगची झाडं कमरेइतकी झाली होती, बाजूच्या कळ्या खुडून एकेक मोठी कळी राखलेली होती. त्यांचं म्हणणं, झाड मरत तर नाही ना? फुलू द्या, मार्चमध्ये कंद न ठेवता फेकून देऊ. या म्हणण्यात तथ्य होतं. विषाणूमुळे डेलिया सहसा लगेच मरत नाही, आणि फूलही बऱ्यापैकी येऊ शकतं. पण तेव्हापासून मार्चपर्यंत त्या झाडावरून उडणारा प्रत्येक मावा शेजारच्या कुंडीवर बसणार होता. मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये शेजारची कुंडी म्हणजे हातभर अंतर.

तिसरा मुद्दा अधिकाराचा होता, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सभासदाच्या स्वतःच्या गॅलरीतलं, स्वतःच्या पैशाने घेतलेलं झाड उपटा, असं मंडळ सांगू शकतं का? मंडळाच्या घटनेत काहीच नव्हतं. मंडळाने तोवर बक्षिसांचे नियम बारकाईने लिहिले होते, रोगाबद्दल एक ओळही नव्हती.

शेवटी जो ठराव झाला तो सरांनी जागेवर लिहून काढला. मंडळाच्या गच्चीवर, मंडळाच्या प्रदर्शनात आणि मंडळाच्या सामाईक कंदांत लाल फितीचं झाड असणार नाही. घरात ज्याने त्याने ठरवावं. मात्र जो लाल फितीचं झाड ठेवील त्याच्याकडचे कंद आणि कटिंग दोन हंगाम मंडळ घेणार नाही. आठ मतं विरोधात पडली.

हा ठराव मला न्याय्य वाटतो. ज्यावर मंडळाचा हक्क होता तिथे तो ठाम होता, आणि जिथे हक्क नव्हता तिथे त्याने आव आणला नाही. विरोधात मत देणाऱ्यांपैकी एक गृहस्थ उठून गेले आणि प्रदर्शनालाही आले नाहीत. त्यांच्या कुंड्या त्या वर्षी खरोखर देखण्या होत्या.

केशरी फूल आणि पावतीपुस्तक

उपटायच्या यादीत ‘आजींचा केशरी’ होता. भांडुपच्या एका आजींनी हा डेलिया तीसएक वर्षं जपला होता. मोठं, जरा मान वळवलेल्या पाकळ्यांचं, उन्हात तांब्याची छटा देणारं फूल. कोणत्याही यादीशी तो जुळवता आलेला नाही. शेडमधल्या कुजीतून त्याचे दोनच कंद वाचले होते, त्यांची कटिंग विकतच्या कटिंगशेजारी वाढली, आणि डिसेंबरपर्यंत प्रत्येक झाडावर लाल फीत आली.

सर आजींच्या घरी गेले. आजी म्हणाल्या, “काढून टाका. पण आधी बघा, तो कोणाकोणाकडे गेलाय.”

हे काम खजिनदार मावशींनी केलं. त्यांच्याकडे गेल्या अकरा वर्षांची पावतीपुस्तकं होती, कारण हिशेब तपासनीस कधी काय मागेल या धास्तीने त्यांनी एकही फेकलं नव्हतं. रंगाच्या रकान्यात ‘केशरी (आजी)’ असं लिहिलेल्या पावत्या त्यांनी बाजूला काढल्या आणि एकेकाला फोन लावला. काहींचे कंद शेडमध्ये कुजले होते. काहींनी कधीच टाकून दिले होते. डोंबिवलीला राहायला गेलेल्या एका जुन्या सभासदाने मात्र मंडळाकडे कंद देणं केव्हाच थांबवलं होतं. त्याच्या गॅलरीत केशरी दरवर्षी त्याच कुंडीत झोपत होता आणि त्याच कुंडीत उगवत होता. शिबिराला तो आला नव्हता, विकतचं कटिंग त्याने घेतलं नव्हतं. सर स्वतः जाऊन झाड पाहून आले. पानं स्वच्छ होती.

मग मावशींनी तेच बाकीच्या जातींसाठी केलं. संध्याकाळचे फोन जानेवारीभर चालले. पांढऱ्या टोकांचा जांभळा घाटकोपरच्या एका चाळीत सापडला. दोन जाती कुठेच सापडल्या नाहीत. मंडळ ज्याला आपला साठा समजत होतं तो टाकीखालच्या शेडमध्ये होता. पण खरा साठा चाळीस गॅलऱ्यांत आणि मंडळ सोडून गेलेल्या माणसांकडे विखुरलेला होता, आणि त्याचा एकमेव नकाशा एका शाळेच्या कपाटात दप्तराच्या दोरीने बांधून ठेवलेला होता. मंडळाचे नियम रोगापासून वाचवू शकले नाहीत. पैशांचा हिशेब नीट ठेवण्याच्या एका बाईंच्या सवयीने जाती वाचवल्या.

प्रत्यक्ष काय केलं

काढलेल्या झाडांचं काय करायचं, हेही सोपं नव्हतं. उघड्यावर जाळायला मुंबईत मनाई आहे. कंपोस्टात टाकले तर कंदातून कोंब फुटू शकतात. शेवटी कंदांच्या चकत्या करून पत्र्यावर कडक उन्हात वाळवल्या, पाला बंद पिशव्यांत भरला आणि ओल्या कचऱ्यात दिला. कात्र्या प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायचा नियम झाला. गच्चीवर पिवळे चिकट सापळे टांगले.

प्रदर्शन रद्द करावं असं कार्यकारिणीतल्या दोघांचं मत होतं. ते झालं, पण लहान. कुंड्या नेहमीच्या निम्म्याही नव्हत्या. मोठ्या फुलांची स्पर्धा घेतली नाही. रिकाम्या राहिलेल्या टेबलांवर सरांनी बंद काचेच्या बरण्यांत पानं मांडली. मोझॅकचं पान, मॅग्नेशियम कमी पडलेलं पान, कोळी लागलेलं पान, भुरीचं पान, आणि शेजारी निरोगी पान. कुजलेल्या आणि शाबूत मानेचे कंद उभे चिरून ठेवले होते. त्या टेबलापाशी लोक सर्वाधिक वेळ थांबले. फुलांचे फोटो काढून निघून जाणारे लोक तिथे प्रश्न विचारत होते, घरच्या झाडाच्या पानाचे फोटो मोबाइलवर दाखवत होते.

निष्पत्ती

मार्चपर्यंत मंडळाच्या गच्चीवर लाल फितीचं एकही झाड उरलं नाही. काही सभासदांच्या घरी ती राहिली, त्यांच्याकडचे कंद घेतले गेले नाहीत. उठून गेलेले गृहस्थ मार्चच्या बैठकीला आले. त्यांच्या कुंड्यांचं काय झालं हे त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. पाच-सहा जणांनी वर्गणी नूतनीकरण केली नाही, नवे सभासद त्याहून थोडे जास्त आले, बहुतेक त्या बरण्यांच्या टेबलावरून.

केशरीची डोंबिवलीतून दोन कटिंग आली. एक आजींच्या घरी गेली, दुसरी मंडळाकडे नाही, तर मुद्दाम दूरच्या एका सभासदाकडे.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैमध्ये ताडपत्री सैल असती तर बरेच कंद वाचले असते, हे खरं. पण ती एका वर्षाची दुरुस्ती झाली. मेच्या बैठकीत कंदांचे तीन हिस्से केले असते, एक शेडमध्ये, एक कुंड्यांतच आडवा, एक काकांच्या गावी, तर कोणत्याही एका अपघाताने मंडळ विकतच्या कटिंगवर आलं नसतं. ‘एवढं कोण करणार’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर शोधायला हवं होतं, कारण काका दर महिन्याला गावी जातातच.

सप्टेंबरमध्ये थोडं बी पेरून ठेवलं असतं तर विकतच्या कटिंगला महिनाभर वेगळं ठेवणं परवडलं असतं. प्रदर्शनाची टेबलं बुटक्या डेलियांनी भरली असती आणि मोठ्या जातींची घाई टळली असती. इथे बी आणि कटिंग हे एकमेकांना पर्याय म्हणून मांडले गेले. खरं तर एकाने दुसऱ्यासाठी वेळ विकत घेता येत होता.

दोन हंगामांच्या बंदीबाबत माझ्या मनात शंका आहे. लागण लपवण्याचं कारण त्यातून मिळतं. ज्यांनी स्वतःहून फोटो पाठवले त्या विक्रोळीच्या ताईंना आणि ज्याने लाल फीत गुपचूप काढून टाकली त्याला ठराव सारखंच वागवतो. कळवणाऱ्याला नव्या, निरोगी कटिंगचा पहिला हक्क दिला असता तर आणखी फोटो लवकर आले असते. सरांना हे पटतं, कार्यकारिणीला अजून नाही.

या मेमध्ये कंद काढून आठवडाभर उलटे ठेवले गेले. मावशींनी पावतीवर ‘कंद कोणाकडून आला’ असा नवा रकाना छापून घेतला आहे. दोन पोती वडूजला पोचली, काकांनी माळ्यावर ठेवल्याचा फोटो आला आहे. मातृझाडं पावसाळाभर जिवंत ठेवून सप्टेंबरपासून त्यांच्यावर रात्री दिवा लावायचा, म्हणजे दिवस मोठा भासून कटिंग भरपूर मिळतील, असा एक प्रस्ताव सध्या चर्चेत आहे. शेड असलेल्या सोसायटीने विजेचं बिल कोण भरणार ते आधी लेखी मागितलं आहे.